.३०३ चा फुटलेला कुंदा: नाशिकच्या हवेत, घरच्या हत्यारांनी दुरुस्ती

जुन्या लष्करी रायफलचा दस्ता चिकटवला आणि सहा महिन्यांत त्याच जागी पुन्हा उघडला, ही नवशिक्यांची नेहमीची तक्रार. दोष गोंदाला दिला जातो. खरा चोर बहुतेक वेळा लाकडात मुरलेलं तेल असतं. वर्षानुवर्षं यंत्रणेवर ओतलेलं तेल रायफल उभी ठेवल्यामुळे खाली उतरतं, कुंद्याच्या मनगटात, म्हणजे हाताने धरायच्या बारीक भागात, आतल्या लाकडात साठतं, आणि तेलकट लाकडाला कुठलाच गोंद धरत नाही. म्हणून या लेखात चिकटवण्यापेक्षा तेल काढण्याला जास्त जागा दिली आहे.

डोळ्यापुढे ली-एनफिल्ड धरली आहे, म्हणजे १९०७ साली स्वीकारलेली एसएमएलई (शॉर्ट मॅगझिन ली-एनफिल्ड) मार्क ३, आपल्याकडे सरसकट ‘थ्री-नॉट-थ्री’ म्हणून ओळखली जाणारी. बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात ती स्वातंत्र्यानंतरही बनत राहिली, त्यामुळे नाशिकसारख्या लष्करी वळणाच्या गावात शाळेच्या कवायतीच्या खोलीत किंवा एखाद्या निवृत्त फौजीच्या घरी भिंतीवर दिसते ती बहुधा हीच. मार्टिनी-हेन्री या तिच्याहून जुन्या रायफलचाही कुंदा असाच लांब बोल्टने बसतो, तेव्हा बरंच काही तिथेही लागू पडेल. त्याहून जुन्या स्नायडर रायफलचा दस्ता मात्र पुढपर्यंत एकसंध असतो. तो खोलण्याची पद्धत वेगळी, पण लाकडाचं काम तेच.

शब्दांची एक सोय. खांद्याला टेकतो तो मागचा भाग म्हणजे कुंदा. नळीखालचं लांब लाकूड म्हणजे पुढचा दस्ता. कुंदा जिथे बारीक होऊन हातात धरला जातो ते मनगट. आणि कुंद्याचं टोक ज्या लोखंडी खोबणीत शिरतं ते सॉकेट.

आधी कायदा, मग पटाशी

शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ४५ मध्ये जुनाट धाटणीच्या किंवा पुरातन मूल्याच्या, आणि दुरुस्ती करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही अशा शस्त्राला सवलत आहे. ‘दुरुस्ती करूनही’ हे शब्द महत्त्वाचे. नुसती गंजलेली, बोल्ट अडकलेली रायफल आपोआप या सवलतीत बसत नाही. आजोबांच्या माळ्यावर सापडलेल्या रायफलची कागदपत्रं नसतील तर शहरात पोलीस आयुक्तालयाच्या आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत आधी विचारा. दुसऱ्याची शस्त्रं दुरुस्तीला घेण्याचा व्यवसाय कलम ५ च्या परवान्याशिवाय करता येत नाही.

हा लेख निकामी केलेल्या, कवायतीच्या किंवा शोभेच्या रायफलच्या लाकडापुरता आहे. चालू स्थितीतली रायफल परवानाधारक दुरुस्तीकाराकडेच द्यायची. चिकटवलेल्या कुंद्यावर गोळीचा धक्का झेलण्याची हमी घरच्या कामातून कुणी देऊ नये, घेऊही नये. आणि रायफल निकामी आहे असं कितीही जणांनी सांगितलं तरी मॅगझिन काढून, बोल्ट उघडून, कोठी (नळीतली गोळी बसायची जागा) बोटाने आणि डोळ्याने रिकामी असल्याची खात्री करूनच पुढे जा.

पहिला दिवस फक्त बघण्याचा

कुंदा खिडकीजवळ धरून तिरक्या उजेडात फिरवा. शिक्के, क्रमांक, कारखान्याची वर्तुळाकार मोहोर, आर्मररच्या (लष्करी शस्त्रदुरुस्तीकाराच्या) खुणा कुठे आहेत ते टिपून फोटो काढा. कुंद्याच्या वरच्या कडेला, बट प्लेटच्या (कुंद्याच्या मागच्या टोकावरच्या धातूच्या पट्टीच्या) जवळ एखादं रोमन अक्षर कोरलेलं असू शकतं. एल म्हणजे अर्धा इंच लांब कुंदा, एस म्हणजे अर्धा इंच आखूड, बी म्हणजे बँटम, पूर्ण इंच आखूड. ठोकळ बांध्याच्या आणि उंच शिपायांना वेगवेगळे कुंदे मिळत. हे अक्षर घासून गेलं की त्या लाकडाचा अर्धा इतिहास गेला. म्हणून पॉलिश पेपर या कामात जवळजवळ हद्दपार आहे. भावाच्या बेल्ट सँडरचा तर विचारही नको.

लाकूड ओळखा. अक्रोड तपकिरी, त्यात काळसर लाटा. बीच फिकट गुलाबी-पिवळसर, त्यावर बारीक आडवे ठिपके. बर्च आणखी फिकट आणि रेषा जवळजवळ न दिसणाऱ्या. काळ्या तेलाखाली तिन्ही सारखीच दिसतात, तेव्हा बट प्लेट काढल्यावर तिच्याखालच्या उघड्या लाकडावरून ठरवा.

तडा कुठवर गेला आहे हे डोळ्यांना फसवतं. कापसाने ॲसिटोन पुसा. पृष्ठभाग काही सेकंदांत वाळतो, पण तड्यात शिरलेलं ॲसिटोन मागे राहतं आणि काळी बारीक रेघ उमटते. ती जिथे संपते तिथे पेन्सिलीने खूण करा. नुसत्या नजरेने दिसतो त्यापेक्षा तडा बऱ्याचदा बोटभर पुढे निघतो.

सामान

ॲसिटोन १ लिटर. खडूची भुकटी अर्धा किलो (रंगाच्या दुकानात लांबी करायला मिळते ती). टर्पेंटाइन अर्धा लिटर. सावकाश घट्ट होणारा दोन नळ्यांचा इपॉक्सी, अरल्डाइट किंवा तसाच; पाच मिनिटांत घट्ट होणारा नको. कच्चं जवसाचं तेल २०० मिली. मधमाशीचं मेण ५० ग्रॅम. ६ आणि १२ मिलिमीटरच्या पटाश्या, दाढी होईल इतक्या धारेच्या. ३ मिलिमीटर जाडीची आटे असलेली पितळी सळई. जुनी सायकलची ट्यूब. काजळ. जुनं धोतर किंवा सुती साडी, चिंध्यांसाठी. रबरी हातमोजे, आणि लाकूड घासताना तोंडाला मास्क.

स्टील वूल मुद्दाम वगळलं आहे. त्याचे बारीक कण अक्रोडाच्या छिद्रांत अडकतात, पावसाळ्यात ओल लागली की लोखंड आणि लाकडातलं टॅनिन मिळून निळे-काळे ठिपके उठतात. नारळाची काथ्या किंवा भांडी घासायची हिरवी जाळी पुरते.

खोलताना होणारं नुकसान

एसएमएलईत एक सापळा आहे, आणि दरवर्षी कितीतरी दस्ते त्यात फुटतात. कुंद्याच्या आतून जाणाऱ्या लांब बोल्टचं पुढचं टोक चौकोनी असतं. ते सॉकेटमधून थोडं पुढे येऊन पुढच्या दस्त्याच्या मागच्या टोकातल्या छोट्या पट्टीत अडकतं, बोल्ट आपोआप सैल होऊ नये म्हणून. पुढचा दस्ता जागेवर असताना तुम्ही बोल्ट फिरवलात तर ते चौकोनी टोक फिरताना दस्त्याचं मागचं टोक आतून फोडतं. म्हणून क्रम बदलायचा नाही: आधी कोठी बंद करणारा सरकता बोल्ट (कुंद्यातला नव्हे) आणि मॅगझिन, मग पट्टे, टोकाची टोपी आणि वरची लाकडी झाकणं, मग ट्रिगर गार्डचे स्क्रू, मग पुढचा दस्ता खाली उतरवणं, आणि सगळ्यात शेवटी कुंदा. प्रत्येक स्क्रू निघाला की पुठ्ठ्यावर रायफलचं चित्र काढून त्या त्या जागी टोचून ठेवा. सारखे दिसणारे स्क्रू सारखे नसतात.

बट प्लेटचं झाकण उघडलं की आत तेलाची बाटली आणि नळी पुसायची दोरी ठेवायची जागा दिसते. त्यापुढच्या भोकात बोल्टच्या डोक्यावर चामड्याची किंवा नमद्याची चकती दाबलेली असते. ती आकड्याने आधी बाहेर काढा. न काढता पेचकस घातला तर तो खाचेत बसल्यासारखा वाटतो, पण बसलेला नसतो.

पेचकस सपाट पात्याचा, दांडा किमान ३० सेंटिमीटरचा, पातं बोल्टच्या खाचेत गच्च बसणारं. पातं खाचेतून निसटून बोल्टचं डोकं आणि लाकडाची भिंत यांच्यात शिरलं आणि त्याच जोराने फिरवलं, तर कुंदा आतून पाचरेसारखा चिरतो. हलत नसेल तर भेदक तेलाचा मोह टाळा. तेच तेल नंतर काढत बसावं लागतं. पेचकसाच्या मुठीवर लाकडी हातोडीने तीन-चार हलके ठोके द्या, मग दोन्ही हातांनी. पकडायला मित्र बोलवा, एकट्याने होणारं काम नाही.

बोल्ट निघाल्यावरही कुंदा सॉकेटमध्ये फसलेला असतो. तो हलवून-हलवून काढू नये, कारण त्याने सॉकेटच्या कडेचे पापुद्रे उडतात. सॉकेटच्या मागच्या कडेवर लाकडी ठोकळा ठेवून आळीपाळीने चारही बाजूंनी ठोका, सरळ मागे येऊ द्या.

तेल बाहेर काढणं

सर्वांत आधी वरची घाण. टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या काथ्याने रेषांच्या दिशेने घासा, चिंधीने पुसा. शिक्क्यांवर हात हलका. काळा थर उतरतो, खालचा म्हातारा तपकिरी रंग राहतो, आणि तो राहायलाच हवा. बाजारात मिळणारे ओव्हन किंवा फरशी साफ करायचे कॉस्टिकचे द्रव वापरू नयेत. क्षाराने अक्रोड काळं पडतं आणि वरचे तंतू मऊ होऊन भुसा होतात. चुनकळीही त्याच कारणाने नको.

आता खोलवरचं तेल. कुंद्याचं सॉकेटकडचं टोक आणि तड्याची जागा एवढ्यापुरतंच हे काम. अख्खा कुंदा कोरडा करण्याची गरज नाही, उलट जास्त कोरडा केला तर नवे तडे येतात.

केस वाळवायच्या यंत्राने ती जागा हाताला सोसेल इतकी गरम करा. तेल घामासारखं वर येतं. ते चिंधीने टिपून घ्या. यंत्र बंद करून दुसऱ्या खोलीत ठेवा, आणि मगच ॲसिटोनची बाटली उघडा. ॲसिटोनची वाफ जमिनीलगत पसरते आणि ठिणगीने पेट घेते. देवघरातली समई, गॅसची शेगडी, मोबाइलचा चार्जर यांच्यापासून लांब, गच्चीवर किंवा उघड्या ओट्यावर काम करा.

खडूची भुकटी १०० ग्रॅम घ्या, इडलीच्या पिठाइतकी सैल होईल एवढं ॲसिटोन घाला, आणि ४ ते ५ मिलिमीटर जाडीचा थर लावा. तड्यातही दाबा. सावलीत दोन-तीन तास ठेवा. ॲसिटोन तेल पातळ करतं, उडून जाताना ते बाहेर खेचतं, आणि खडू ते पिऊन घेतो. वाळलेला थर कुंचल्याने झटका. तो पिवळट-तपकिरी निघाला तर पुन्हा लावा. थर जवळजवळ पांढराच निघू लागला की थांबा. साधारण तीन वेळा पुरतं, तेलात लोळलेल्या टोकाला आठ वेळाही लागतं. खडूऐवजी रांगोळी वापरून बघणारे असतात. रांगोळीचा दाणा जाड आणि दगडी, ती तेल पीत नाही.

नाशिकमध्ये याला उत्तम काळ फेब्रुवारी ते मे. एप्रिलच्या उन्हाचा फुकट उपयोग असाही होतो: कुंद्याचं टोक सुती कापडात गुंडाळा, काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घाला, सकाळी नऊ ते अकरा गच्चीवर ठेवा. कापड तेलकट झालं की बदला. दुपारभर उन्हात विसरलात तर मात्र लाकूड एका बाजूने आखडतं आणि तडा वाढतो. ॲसिटोन लावलेलं लाकूड पिशवीत घालायचं नाही, ते आधी पूर्ण उडू द्या. जुलैत काम अंगावर आलंच तर घाई करू नये. भिजट हवेत ॲसिटोन उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर दव धरतं, आणि त्या ओलीवर गोंद बसत नाही. इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूला राहणाऱ्यांनी तर सप्टेंबर उलटेपर्यंत चिकटवण्याचं काम हातात घेऊच नये.

चेपा

दाबल्या गेलेल्या तंतूंना वाफ दिली की ते फुगून वर येतात. ओली सुती घडी चेपेवर ठेवा, गरम इस्त्रीचं टोक दहा-पंधरा सेकंद टेकवा, उचला, बघा. पाच-सहा वेळा करा. ज्या जागी तंतू तुटले आहेत, म्हणजे कापल्यासारखी धार दिसते, तिथे वाफेचा उपयोग नाही. शिक्क्याच्या दोन बोटं आसपासही वाफ नको. शिक्का म्हणजे मुद्दाम केलेली चेपच, तीही फुगून पुसट होते.

खरं सांगायचं तर सगळ्या चेपा काढू नयेत. शंभर वर्षांच्या कुंद्यावर एकही ओरखडा नसेल तर तो खोटा वाटतो.

तडा चिकटवणं

पांढरा गोंद सुतारकामाला उत्तम, पण ताणाखाली तो हळूहळू सरकतो आणि तेलाचा अंश राहिला तर सुटतो. फेविक्विकसारखा पातळ झटपट गोंद केसाएवढ्या तड्यात छान शिरतो, पण ठिसूळ असतो. पापुद्रा बसवायला ठीक. संग्रहालयाच्या दर्जाची, दुर्मीळ वस्तू असेल तर सरस वापरा. पुढच्या पिढीला तो गरम पाण्याने सोडवता येतो. कवायतीच्या किंवा भिंतीवरच्या रायफलला सावकाश घट्ट होणारा इपॉक्सी.

दोन्ही नळ्या पाकिटावर दिलेल्या प्रमाणात घ्या, काचेवर दोन मिनिटं पूर्ण एकजीव होईपर्यंत घोटा. प्रमाण चुकलं तर तो रबरासारखा राहतो, आणि मग तो काढणं हे मूळ तड्यापेक्षा मोठं दुखणं. आता ॲसिटोनचा वास पूर्ण गेला आहे याची खात्री करून तडा आणि इपॉक्सी दोन्ही केस वाळवायच्या यंत्राने कोमट करा. गरम इपॉक्सी पाण्यासारखा पातळ होतो. तडा हलकेच उघडून पातळ पत्र्याच्या पट्टीने आत भरा, लाकूड आत-बाहेर हलवून पंपासारखं खेचू द्या. दुसऱ्या टोकातून थेंब दिसला की तो पोचला.

भरण्याआधी एक काम विसरलात तर पस्तावाल: बोल्टच्या भोकात मेण फासलेली सळई किंवा मेणकापडाची गुंडाळी घाला. इपॉक्सी भोकात उतरून तिथेच घट्ट झाला तर बोल्ट जात नाही, आणि छिद्र पाडायला गेलं की लाकूड पुन्हा फुटतं. तीन-चार तासांनी, गोंद चिवट असतानाच, सळई फिरवून सैल करा.

आवळायला लोखंडी शिकंजा नको. कुंदा सगळीकडून वळलेला, शिकंजा घसरतो किंवा दात उमटवतो. सायकलच्या ट्यूबच्या अडीच-तीन सेंटिमीटर रुंदीच्या लांब पट्ट्या कापा, ताणून पागोट्यासारख्या गुंडाळा. प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर अर्धा. दहा-बारा फेऱ्यांचा दाब कुठल्याही शिकंज्याला भारी पडतो आणि तो सारखा पसरतो. रबर लाकडाला चिकटू नये म्हणून खाली मेणकागद. बाहेर आलेला गोंद लगेच ॲसिटोनच्या किंचित ओल्या चिंधीने पुसा.

उन्हाळ्यात २४ तास पुरतात. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा रात्री दहाच्या खाली जातो, निफाडकडे त्याहून खाली. तेव्हा इपॉक्सी निम्मा झोपलेला असतो. ४८ ते ७२ तास द्या, रात्री कुंदा घराच्या आतल्या खोलीत, भिंतीपासून दूर ठेवा.

मनगटातून आरपार गेलेल्या तड्याला नुसता गोंद पुरत नाही. तिथे पितळी सळईचे खिळे घाला. ३ मिलिमीटरच्या सळईला ३.५ मिलिमीटरचं भोक, २५ ते ३० मिलिमीटर खोल, तड्याला जवळजवळ काटकोनात. ड्रिलच्या पात्यावर खोलीची खूण म्हणून टेप गुंडाळा. मधून बोल्टचं भोक जातं हे लक्षात ठेवून खिळे त्याच्या कडेने न्या. आधी कुंद्याचा छेद कागदावर काढला की चूक होत नाही. सळई पृष्ठभागाच्या ३ मिलिमीटर आत थांबवा, वरचं तोंड अक्रोडाच्या गुल्लीने बंद करा. एका तड्याला दोन खिळे ठीक. चार घातले तर भोकांमुळेच लाकूड कमजोर होतं.

ठिगळ

तुकडा उडून हरवला असेल तर तिथे भुसा आणि इपॉक्सीचा गोळा भरू नये. तो रंग घेत नाही, आणि वर्षभरात काळ्या-पिवळ्या डागासारखा उठून दिसतो. लष्करातले आर्मररसुद्धा लाकडाचं ठिगळच लावत. जुन्या कुंद्यांवर अशी नीट बसवलेली ठिगळं सापडतात आणि ती त्या रायफलची शोभा असतात. लपवण्याचा अट्टहास नको, बसवणूक मात्र अशी हवी की नखाला कड लागू नये.

लाकूड कुठून आणायचं? नाशकात जुना वाडा उतरला की उत्तम सागवान मिळतं आणि हात तिकडेच जातो. पण सागाच्या रेषा जाड, त्यात स्वतःचं तेल, आणि अक्रोडाशेजारी तो कायम परका दिसतो. शिसव फार काळं आणि फार कठीण. मोडका काश्मिरी नक्षीचा डबा, तबक किंवा पडद्याची चौकट शोधा. ती अक्रोडाची असतात आणि ८-१० मिलिमीटरची जाडी ठिगळाला पुरून उरते. बीचचा कुंदा असेल तर फर्निचरवाल्यांकडे आयात बीचचे तुकडे सहज मिळतात. आणलेला तुकडा कुंद्याशेजारी त्याच खोलीत दोन-तीन आठवडे राहू द्या. दोघांची ओल सारखी झाली नाही तर पहिल्या पावसात सांधा उघडतो.

ठिगळाचा आकार चौकोन नको. रेषांना आडवी जाणारी सरळ कड डोळ्यात खुपते आणि तिथली पकडही कमकुवत, कारण तिथे तंतूंची फक्त टोकं एकमेकांना भिडतात. होडीसारखा, दोन्ही टोकं निमुळती आणि रेषांच्या दिशेने, असा आकार घ्या. आधी ठिगळ करा, मग खड्डा. ठिगळ दुखऱ्या जागेवर ठेवून धारदार सुरीने त्याची बाह्यरेषा कुंद्यावर ओढा. पेन्सिलीची रेघ जाड असते. ठिगळाच्या कडा खाली किंचित आत झुकवा, पाचरेसारख्या, म्हणजे ते जितकं दाबाल तितकं घट्ट बसेल.

खड्डा पटाशीने, मधून कडेकडे, ४ ते ६ मिलिमीटर खोल. तळ सपाट. शेवटची अर्धी मिलिमीटर तासताना ठिगळाच्या खाली काजळ फासून दाबून बघा. जिथे काळा डाग उमटतो तिथेच तासा. हे पंधरा-वीस वेळा करावं लागतं आणि इथेच कंटाळा येतो. कंटाळा आला की त्या दिवशी पटाशी खाली ठेवा. एक जास्तीचा कापा गेला तर ती फट गोंदाने भरत नाही, नवं ठिगळच करावं लागतं.

ठिगळातल्या रेषांचा कल कुंद्याच्या रेषांशी जुळवा, वरूनही आणि कडेनेही. दीड-दोन मिलिमीटर वर राहील असं बसवा, चिकटवण्याआधी काजळ ॲसिटोनने पुसा, ट्यूबने आवळा. पूर्ण घट्ट झाल्यावर पटाशी उलटी धरून, मग काचेच्या ताज्या तुटलेल्या कडेने खरवडून पातळीत आणा. शेजारचं जुनं लाकूड खरवडलं जाऊ नये म्हणून भोवती दोन थर टेप.

हलणारा कुंदा

बोल्ट पूर्ण आवळूनही कुंदा सॉकेटमध्ये डुगडुगत असेल तर लाकूड आखडलं किंवा झिजलं आहे. बोल्ट आणखी पिळून उपयोग नाही, त्याने टोक चिरतं. सॉकेटच्या आत काजळ आणि दोन थेंब तेल पुसट लावा, कुंदा बसवा, काढा. कुठे टेकतो ते दिसेल. न टेकणाऱ्या बाजूंवर अर्ध्या मिलिमीटरचं अक्रोडी व्हिनिअर इपॉक्सीने लावा, घट्ट झाल्यावर हळूहळू कानसून बसवा. कुंद्याची बाहेरची उभी कड सॉकेटच्या कडेला टेकता कामा नये; मध्ये जाड कागद सरकेल इतकी फट हवी. ती कड टेकली की सगळा दाब पातळ लाकडावर येतो आणि तिथूनच पापुद्रे उडतात. काडेपेटीचा कागद, रबर किंवा सुतळी घालून घट्ट करण्याचे उपाय महिनाभर टिकतात आणि आत ओल धरून ठेवतात.

बट प्लेटच्या स्क्रूची भोकं मोठी झाली असतील तर अक्रोडाची गुल्ली इपॉक्सीने बसवून, स्क्रूच्या जाडीच्या दोन-तृतीयांश मापाचं नवं भोक पाडा. स्क्रूला मेण लावून घाला. टूथपिकांचा जुगाड हलक्या कामाला चालतो, पण तिथे पितळेचा जड तुकडा लटकतो.

बारीक गोल भोकं आणि त्यांतून मैद्यासारखा भुसा दिसला तर घूण आहे. चिकटवण्याच्या आधी त्याचा निकाल लावा: सुटा कुंदा हवाबंद पिशवीत घालून उणे १८ ते २० अंशांच्या डीप फ्रीझमध्ये दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर उघडायची नाही, नाहीतर लाकडावर पाणी सुटतं.

जवसाचं तेल

ब्रिटिश काळापासून या कुंद्यांना कच्चं जवसाचं तेल लावत आले. वाळताना ते हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं. शेंगदाणा, खोबरेल वाळत नाहीत, म्हणून ते चिकट राहतात आणि धूळ धरतात. लाकडी घाण्याचं स्वयंपाकाचं जवस तेल चालतं, फक्त सावकाश वाळतं. टचवूड किंवा पॉलियुरेथेनचा चकचकीत थर लष्करी कुंद्यावर कधीच नव्हता. त्यावर ओरखडा पडला की पांढरी रेघ उठते आणि दुरुस्तीसाठी सगळा थर उतरवावा लागतो.

ठिगळाचा रंग फिकट असेल तर रतनजोत. रोगनजोशला लाल रंग देणारं हेच मूळ, काष्ठौषधीच्या दुकानात मिळतं. २० ग्रॅम मूळ २०० मिली जवस तेलात बुडवून आठवडाभर काचेच्या बरणीत ठेवा, रोज हलवा, फडक्याने गाळा. तेल डाळिंबी लाल होतं आणि अक्रोडावर जुन्या कुंद्यासारखी लालसर छटा देतं. फक्त ठिगळ गडद करायचं असेल तर आधी त्यावर कडक काळ्या चहाचे दोन-तीन हात देऊन वाळवा, मग तेल. रंग नेहमी सुटलेल्या तुकड्यावर आधी करून बघा. इपॉक्सीचा पुसलेला पातळ थर लाकडावर राहिला असेल तर तिथे तेल शिरत नाही आणि डाग उरतो. तो आधी खरवडा.

एका वेळी अख्ख्या कुंद्याला १५ मिली, म्हणजे तीन चमचे तेल पुरे. तळहाताने चोळा, उब येईपर्यंत. वीस-तीस मिनिटांनी जे वर उरलं असेल ते पूर्ण पुसा. पुसलं नाही तर तो थर डिंकासारखा चिकट होतो. उन्हाळ्यात दोन दिवसांआड एक हात, पावसाळ्यात आठवड्याला एक. पाच-सहा हातांनी काम होतं. सॉकेटमध्ये जाणाऱ्या टोकालाही एक पातळ हात द्या. उघडं राहिलं तर तेच ओल पितं.

तेलाच्या चिंध्या चुरगळून कोपऱ्यात किंवा कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. जवस वाळताना उष्णता सुटते, आणि घडीत ती अडकली की चिंधी आपोआप पेटते. त्या पाण्यात भिजवा किंवा तारेवर सुट्या पसरून कडक होऊ द्या.

जोडणी आणि जागा

उलट्या क्रमाने जोडा: आधी कुंदा, बोल्ट, चामड्याची चकती, मग पुढचा दस्ता. बोल्टचं चौकोनी टोक पुढच्या दस्त्यातल्या पट्टीशी जुळेल अशा कोनात उभं आहे ना, ते दस्ता चढवण्याआधी बघा. तिरकं असेल आणि दस्ता ठोकून बसवला तर सगळी मेहनत मागच्या टोकापाशी फुटते. जुळवताना बोल्ट सैल करून नव्हे, थोडा पुढे आवळून आणा.

पुढच्या दस्त्याचा मागचा भाग, जिथे यंत्रणा लाकडाला टेकते, तिथे तडा किंवा झीज असेल तर नवशिक्याने हात लावू नये. तिथली बसवणूक कुंद्यापेक्षा बरीच नाजूक असते आणि कागदाच्या जाडीची चूकही लाकूड पुन्हा फोडते.

भिंतीवर लावायची तर बाहेरच्या, पावसाचा मारा खाणाऱ्या भिंतीवर नको. उभी ठेवायची असेल तर वर्षातून काही महिने नळीचं तोंड खाली करून, खाली नमद्याचा तुकडा घालून ठेवा. लोखंडाला तेल लावताना दोन थेंब, चिंधीवरून. पहिला पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरात, पुढचा दस्ता उतरवून बोल्ट पुन्हा तपासा. लाकूड फुगून परत आखडलेलं असतं आणि बोल्ट पाव फेरा तरी मागतो.